बुडखा खाली, शेंडा वर

शिवशरण कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडं बघायचा नाही, खांबांकडं बघायचा. यजमान 'या, बसा' म्हणत असायचा आणि ह्याची नजर खांबाखालच्या तळखड्यापासून माथ्यावरच्या तुळईपर्यंत वर आणि तुळईपासून तळखड्यापर्यंत खाली. मग कुठं 'बरं हाय न्हवं सगळं?' असं विचारायचा, आणि विचारताना चेहरा असा करायचा की ज्याचं खरंच सगळं बरं चाललंय त्यालाही आपलं काहीतरी बिनसलंय की काय अशी शंका यावी. सोलापुरात लोक त्याच्या माघारी हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं म्हणा.

बाळीवेशीच्या बाहेर त्याची जुन्या लाकडाची वखार होती. नव्या लाकडाच्या वखारी ऐटीत असायच्या, मालक गादीवर आणि कारकून टेबलाशी. शिवशरणकडं यायचं ते शहरानं टाकून दिलेलं. रस्ता रुंद करायला पाडलेल्या घरांच्या तुळया, दारं, खांब. गिरण्यांची यंत्रं ज्यांतून आली ती खोकी. आणि यंत्रमागांची खडखड पेठापेठांतून सुरू झाल्यावर घरात जागा उरली नाही ते हातमाग, दोन-तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले. माग आणून टाकणारा तेलुगू विणकर बहुधा तो उतरवून झाला की मागं वळून न बघता निघून जायचा. शिवशरणच्या हातात पडलेलं काही वाया जायचं नाही. तुळई चिरून खांब व्हायचे, खांबाचे पाट, पाटातून उरलेल्या फळीचे देव्हारे नि पोळपाट, ढलप्या चहावाल्यांच्या भट्टीला आणि भुसा गोरगरिबांच्या शेगडीला. वाकडे खिळेसुद्धा त्याची बायको कमलम्मा दगडावर ठोकून सरळ करायची आणि डब्यात भरून ठेवायची.

ह्या सगळ्या धंद्यात एक नियम मात्र त्यानं देवासारखा पाळला होता. झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं राहिलं पाहिजे. मुळाकडचा बुडखा खाली, फांद्यांकडचा शेंडा वर. खांब उलटा बसला तर घरही उलटं होतं, असं त्याच्या बापानं त्याच्या मनावर ठसवलेलं, आणि त्या भागातला कुठलाही सुतार हेच सांगेल. नव्या ओंडक्याचा बुडखा आंधळ्यालाही कळतो. पण पिढ्यान् पिढ्या घरात उभा राहिलेला, चारी अंगांनी तासलेला साग एकदा आडवा पडला की त्याला डोकं नाही आणि पाय नाहीत. मग गाठी बघायच्या, रेषा बघायच्या, आणि तरीही उमगलं नाही तर वखारीतल्या हौदात सोडायचा. जे टोक पाण्यात जास्त खाली जाईल तो बुडखा. पण घर पाडताना खांब कसा उभा होता हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तर हौदापर्यंत कशाला जायचं? आधीच्या सुतारानं पारखूनच बसवला असणार. शिवशरण असं धरून चालायचा. सगळेच धरून चालायचे.

दाक्षायणी ही त्याची एकुलती एक लेक. मैंदर्गीच्या बसवराजला दिलेली. बसवराजचं बाजारात लहानसं दुकान, घरची थोडी जमीन, आणि घरात सगळा कारभार आई गुरम्माचा. एकाहत्तर साली त्यांनी नवं माळवदाचं, सपाट मातीच्या धाब्याचं घर बांधायला काढलं तेव्हा शिवशरणनं चार पाहुण्यांसमोर छाती पुढं काढून सांगितलं की लाकूड सगळं माझ्याकडून, आणि तेही असलं की तुमच्या नातवंडांच्या नातवंडांना पुरेल. टिळक चौकाकडचं एक मोठं घर त्यानं नुकतंच उतरवलं होतं. त्यातलाच साग त्यानं लेकीसाठी बाजूला काढला.

मधल्या खोलीचा खांब तेवढा फसवा निघाला. त्याचा पाय ओलीनं कुजला होता. कुजकं तासून काढलं तरी तेच टोक पुन्हा जमिनीशी लावलं तर थोड्या वर्षांत परत ओल धरणार. वर, तुळईखाली, कोरड्यात गेलं तर मात्र माणसाचं आयुष्य सहज निघेल. दुसरा तेवढा जाड खांब वखारीत नव्हता. मुहूर्त तोंडावर आलेला, गाडी दारात उभी, आणि फुशारकी मारून झालेली. मेलेल्या लाकडाला काय कळतंय, असं स्वतःशीच म्हणत शिवशरणनं खांब फिरवला आणि जुन्या घरात जे टोक खाली होतं ते लेकीच्या घरात वर केलं. वास्तुशांतीच्या जेवणात गव्हाची गोड हुग्गी चांगली झाली होती. तिच्यासोबत ही गोष्टही तो पचवून मोकळा झाला.

पुढच्या साली दाक्षायणीला मुलगा झाला. माहेरपण करून ती बाळाला घेऊन मैंदर्गीला गेली. ते दुष्काळाचं साल. विहिरीच्या तळाशी जे गढूळ मिळेल ते लोक फडक्यानं गाळून पीत होते. बाळाला जुलाब लागले आणि ते गेलं. त्या वर्षी गावात अशी बरीच पोरं गेली, पण पाण्याला कुणी दोष दिला नाही. आधी ते मिळायचंच मारामारीनं, त्याला नावं कोण ठेवणार?

शिवशरण भेटायला गेला. पुरुषमाणसांनी त्याला मधल्या खोलीत घोंगड्यावर बसवलं. तो जरा मागं सरकला, पाठ टेकवली, आणि पाठीला खांब लागला. तेव्हा त्याला आठवलं. आत कुठंतरी दाक्षायणी हुंदके देत होती. तुळईला पाळण्याची कडी अजून तशीच होती. त्या कडीचा सगळा भार ह्याच खांबावर. तो उठून अंगणात गेला, ते परत आत आला नाही.

सांगायचं होतं त्याला. पण चार माणसांत कसं सांगायचं, म्हणून गप्प बसला. दुखवटा संपू दे, मग सांगू. दुखवटा संपतो न संपतो तोच दाक्षायणीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, आणि त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं. पोटुशी बाई असलेल्या घरात जमीन उकरायची नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. खांब हलवायची तर गोष्टच नको. नुसतं सांगितलं असतं तर ती पोर त्या खांबाखाली जीव मुठीत धरून निजली असती. म्हणून हेही बाळंतपण होऊ दे, मग बोलू, असं त्यानं ठरवलं. ते मूल मैंदर्गीतच, ती माहेरी यायच्या आधीच, निर्जीव जन्मलं.

त्यानंतर शिवशरणचं काही खरं राहिलं नाही. वखारीत येईल ते लाकूड, ओळखीचं असो नसो, तो हौदात सोडायला लागला. पाटाच्या फळ्या, मागाचे दांडे, काहीही. पाटाला कसला आलाय बुडखा, असं गिऱ्हाईक म्हणायचं. हा ऐकायचा नाही. लाकूड पाण्यात तिरपं तरंगायचं आणि त्याचं वरचं टोक त्याला बाळाच्या टाळूसारखं दिसायचं. मग तो नजर दुसरीकडं वळवायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा बघायचा. आजवर जिथं जिथं त्यानं लाकूड दिलं होतं तिथं तो काही ना काही निमित्त काढून जायला लागला, लोकांची पोरंबाळं डोळ्यांनीच मोजायला लागला. ह्याला बाधा झालीय, असं शेजारी म्हणायचे. बाधा झालीच होती, फक्त ती कशाची हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कमलम्मालासुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं.

आणि तिकडं मैंदर्गीत दोष कुणाला तरी चिकटायचाच होता, तो दाक्षायणीला चिकटला. गल्लीतल्या बायका तिला बारशाला बोलवेनात. ओटी भरायच्या वेळी तिच्या हातातलं ताट दुसरीच कुणीतरी हळूच काढून घ्यायची. पांढऱ्या पायाची, असं गुरम्मा एकदा रागात बोलून गेली आणि ते गावाला आयतंच मिळालं. वैरागची एक मुलगी बसवराजसाठी बघून ठेवल्याचं सोलापूरपर्यंत कानावर आलं. कायदा काय म्हणतो हे असल्या वेळी कुणी विचारत नाही. बसवराज बिचारा आईपुढं तोंड न उघडणारा. शिवशरणला हे सगळं कळत होतं. एका शब्दानं आपण लेकीच्या कपाळावरचा डाग पुसू शकतो हेही कळत होतं. तरी तो मूग गिळून बसला. त्याला भित्रा म्हणायचं तर म्हणा, मी अडवणार नाही.

शहात्तर साली दाक्षायणी तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. रडली, दूध प्याली, बाळसं धरायला लागली. गुरम्मा नातीला बघायला सोलापूरला आली. बाई कडक, पण आतून दुष्ट नव्हे. नातीला मांडीवर घेऊन तिनं तिच्या कपाळाला विभूती लावली आणि मग शिवशरणला सरळच सांगितलं.

"पोरगी लई गोड हाय. पण ह्या टायमाला काय कमीजास्त झालं, तर वैरागची सोयरीक माज्यानं थांबवणं व्हणार न्हाय."

कमलम्मा पदर तोंडाला लावून उभी राहिली. दाक्षायणी रडली नाही. तिनं सासूच्या मांडीवरून पोरीला उचललं, बापापाशी आली आणि त्याच्या हातांत दिली.

"अप्पा, हिला तुमीच ठेवून घ्या. मी एकटीच जाते मैंदर्गीला. माज्यापाशी लेकरू जगत न्हाय."

इतकी वर्षं मूग गिळून बसलेल्या त्या माणसाला त्या एवढ्याशा ओझ्यानं मोडलं. शिवशरण पोरीला छातीशी धरून तसाच खाली बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. कुजलेला पाय, दारात उभी असलेली गाडी, फिरवलेला खांब. खोट लेकीत नाही, माझ्या हातात आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

गुरम्मा आधी कानडीत काहीतरी पुटपुटली. मग तिनं डोळे पुसले.

"दोन लेकरं पुरली मी. आन् तुमी दरवेळी येऊन माज्या हातची भाकरी खाऊन गेलासा. हिला पांढऱ्या पायाची म्हणून मी गल्लीभर सांगत फिरले, ते पाप आता कुणी फेडायचं?"

दाक्षायणी मात्र बापाकडं अशी बघत होती, की त्यापेक्षा गुरम्माच्या शिव्या बऱ्या. रागानं बघत होती असंही नाही. तिच्या तोंडावर आधी सुटका दिसली आणि त्या सुटकेमागून हळूहळू दुसरं काहीतरी वर आलं. इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं, एवढंच ती म्हणाली, आणि पोरीला परत घेऊन आत गेली.

पण गुरम्मानं एक केलं, आणि त्यासाठी तिच्या शंभर गोष्टी माफ कराव्यात. मैंदर्गीला परत गेल्याबरोबर तिनं घरोघरी जाऊन सांगितलं की माझ्या सुनेत काही दोष नाही, खोट खांबात होती, आणि तिच्या बापानं स्वतः कबूल केलंय. जिथं जिथं ती आधी वाईट बोलली होती तिथं तिथं पुन्हा गेली. वैरागला निरोप धाडून तिनं ती बोलणी मोडली. बाळ घरी यायच्या आधी खांब गावादेखत सरळ करायचा आणि तो शिवशरणनंच करायचा, असं ठरलं.

त्या दिवशी अर्धी गल्ली अंगणात जमली होती. दाक्षायणी पोरीला घेऊन शेजारच्या ओट्यावर बसली होती आणि बायका तिच्याभोवती होत्या. कुणी पोरीची दृष्ट काढत होतं, कुणी दाक्षायणीच्या केसांत फुलं माळत होतं. शिवशरणनं तुळईला टेकू दिले, दोघा गवंड्यांच्या मदतीनं खांब सोडवला आणि अंगणात आणला. गुरम्मा दर सोमवारी खांबाच्या पायाशी विभूतीचे पट्टे ओढायची. ते पट्टे अजून तसेच होते. मठातून आलेले स्वामी म्हणाले, पुन्हा उभा करायच्या आधी पाण्यानं शुद्ध करून घ्या. म्हणून खांब गुरांच्या मोठ्या हौदात सोडला.

खांब एकदा गटांगळी खाऊन वर आला आणि स्थिर झाला. पट्ट्यांचं टोक खाली गेलं.

शिवशरण बघत राहिला. दुसरं टोक कुजून हलकं झालं असेल, म्हणून असं दिसत असेल, असं त्याला वाटलं. त्यानं हात घालून खांब वळवला. ओल्या सागावर रेषा उघड्या पडतात, गाठी डोळ्यांना दिसतात. एक गाठ बघितली, दुसरी बघितली. फांदी कुठल्या बाजूला फुटली होती ते लाकूड स्पष्ट सांगत होतं. पट्ट्यांचंच टोक बुडखा होता. ह्या घरात खांब पहिल्या दिवसापासून सरळ उभा होता. उलटा होता तो सोलापूरच्या त्या जुन्या घरात, कुठल्या तरी मेलेल्या सुतारानं बसवलेला. आणि त्या घरात तीन पिढ्या नांदल्या होत्या. घर पाडायला गेला तेव्हा ओट्यावर पोरांची ही गर्दी होती, आणि त्यांच्या आजीनं ह्याला ताक पाजलं होतं.

म्हणजे खांबानं काही केलं नव्हतं. शिवशरणनंही काही केलं नव्हतं. चार वर्षं तो ज्या भुताला भीत होता ते भूत नव्हतंच. एक क्षण शिवशरणला इतकं हलकं वाटलं की त्याच्या ओठांवर शब्द आलेसुद्धा. त्यानं मान वर केली. ओट्यावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि दाक्षायणी हसली. लग्न होऊन गेल्यापासून तिला असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं.

खांबात खोट नाही असं त्यानं आता सांगितलं, तर मग खोट कुणात, असं ह्याच बायका विचारणार होत्या. आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडं तयार होतं.

"काय वो, काय बघताय येवढं?" गुरम्मानं विचारलं.

काही नाही, भिजू दिला थोडा, असं सांगून तो उठला. खांब बाहेर काढला. कुजकं टोक पुन्हा तासलं, त्याला डांबर फासलं, आणि ज्या हातांनी जन्मभर नियम मोडला नाही असं आता त्याला खरोखर म्हणता आलं असतं, त्याच हातांनी त्यानं जाणूनबुजून शेंडा खाली केला आणि बुडखा वर. कुणी बघू नये म्हणून घाम पुसल्यासारखं करत त्यानं डोळे पुसले. ह्या असल्या गोष्टींवर आपला विश्वास उरलेला नाही, असं तो मनात घोकत होता. जुन्या घरातल्या त्या पोरांची गर्दी आठवत होता. टेकू काढले तेव्हा तुळई किंचित करकरली आणि त्याचे दोन्ही हात आपसूक खांब धरायला पुढं गेले. बापानं शिकवलेलं असं एका दुपारीत जात नाही. विभूतीचे पट्टे आता तुळईखाली, हात पोचणार नाही इतक्या उंच गेले होते, आणि ते बघून लोकांनी समाधानानं माना डोलावल्या.

गुरम्मानं नव्या पायाशी नवे पट्टे ओढले. बसवराजनं कडीला पाळणा अडकवला. दाक्षायणी उंबरा ओलांडून आत आली, पोरीला पाळण्यात निजवून तिनं हलका झोका दिला आणि सोलापुरातल्या त्या कबुलीनंतर पहिल्यांदा बापाशी बोलली.

"आता सरळ हाय न्हवं, अप्पा?"

"सरळ हाय," शिवशरण म्हणाला.

तिनं पाळण्याची दोरी त्याच्या हातात दिली आणि बाहेर बायका तिची वाट बघत होत्या, त्यांच्यात जाऊन बसली.